जगाचा नकाशा मी धरला होता

मित्रांनो, संत्र्यांच्या खोक्यातून निघालेली मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. लांबीला दीड हात, रुंदीला जेमतेम दोन बोटे. अंगावर खिळ्यांची दोन भोके अजून आहेत. मला एकटीला काहीच धरता येत नाही. माझ्या अंगाला अंग लावून माझी जुळी बहीण बांधलेली असते आणि आमच्या दोघींच्या मधल्या फटीत कागद पकडला जातो. त्यामुळे मी 'मी' म्हणाले, तरी तुम्ही 'आम्ही' समजा.

खोके रिकामे झाले तेव्हा फळवाल्याने ते दुकानाबाहेर भिरकावले. शेजारच्या लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई संध्याकाळी घरी निघाली होती. ती थांबली. तिने मला जरासे वाकवून पाहिले.

"दादा, या पट्ट्या नेऊ का? मुलीच्या खोलीसाठी हव्यात."

"न्या की ताई, अख्खं खोकं न्या. मुलगी सुतारकाम करते का?"

"छे हो, चित्रं लावते. एक भिंत तिला पुरत नाही."

त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती दोन क्षणही एका जागी टिकत नसे. वय वर्षे नऊ. तिची खोली म्हणजे तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीचा एक कोपरा. कपाट आडवे लावून तिच्यासाठी वेगळा केलेला. पलंग, एक स्टूल, एक खिडकी, आणि भिंती. भिंतींना मात्र हात लावायचा नव्हता. घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहत. त्यांना भिंगरी 'वरच्या काकू' म्हणे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "खिळा नको, डिंक नको, चिकटपट्टी नको. या भिंती ह्यांनी स्वतः गिलावा करून उभ्या केल्यात." काकूंचे यजमान गवंडी होते. ते आता नव्हते, भिंती होत्या.

मग आईने डोके चालवले. खिडकीवरची पडद्याची दांडी खिडकीपेक्षा बरीच लांब होती. तिला एक सुतळी बांधून त्यावर कपड्यांचे चिमटे लावले. तिथे भिंगरीची स्वतःची चित्रे आली. लाँड्रीतून टाकून दिलेला, पँट अडकवायचा चिमट्यांचा हँगर आला. त्यावर देवमाशाचे पोस्टर लटकले. आणि सगळ्यात मोठ्या कागदासाठी आम्हाला निवडले. काचकागदाने घासून आम्हाला गुळगुळीत केले. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणून तिच्या बांगडीसारख्या गोल चकत्या कापल्या. अशा चार चकत्या माझ्यावर आणि बहिणीवर चढवल्या. त्या कडक पकडीत जगाचा नकाशा बसला. खालच्या कडेला आमच्यासारखीच दुसरी जोडी, वजनासाठी. सगळे मिळून दांडीच्या टोकाला सुतळीने टांगले. भिंतीला ओरखडासुद्धा नाही. काकू येऊन पाहून गेल्या आणि "हं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तेवढे म्हणजे खूपच होते.

तो नकाशा भिंगरीच्या बाबांनी दिला होता. ते मालवाहू जहाजाच्या इंजिनात काम करत आणि आठ-आठ महिने समुद्रावर असत. दर रविवारी त्यांचा फोन येई. ते जहाज कुठे आहे ते सांगत, आणि भिंगरी स्टुलावर चढून तिथे पेन्सिलीने ठिपका देई. निळ्या कागदावर ठिपक्यांची माळ वाढत जाई. मला फार अभिमान वाटे. आजूबाजूची मुले मला पाहायला येत आणि घरी जाऊन आपापल्या आयांच्या मागे खोक्यांसाठी लागत.

अशी दोन वर्षे गेली. आणि एका रविवारी फोन आला नाही.

सोमवारी आईने बाबांच्या कंपनीत फोन केला. "जहाजाशी संपर्क होत नाहीये. काही कळलं की कळवू." मंगळवारी तेच, बुधवारी तेच. बातम्यांमध्ये, जहाज होते त्याच भागातल्या वादळाचे चित्र दिसले आणि आईने घाईघाईने टीव्ही बंद केला. गुरुवारी ती आपल्या भावाशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. "दादा, पाच दिवस झाले रे. पोरीला काय सांगू?"

पोरगी कपाटामागेच होती. तिने सगळे ऐकले. ती स्टुलावर चढली, शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवले, मग माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाली, "तू पडायचं नाहीस. नकाशा पडला तर बाबा बुडतील. कळलं ना?"

मित्रांनो, मी संत्र्यांचे ओझे वाहिले आहे, पण ते ओझे माझ्या अंगावर पडले तेव्हा मी हादरले. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी भिंगरीला ठाऊक नव्हती. दोन वर्षे दुपारचे ऊन तिरपे येऊन आमच्यावर पडत होते. रबराच्या चकत्या आतून वाळल्या होत्या. त्यांना बारीक चिरा गेल्या होत्या. मी ओरडून सांगणार कशी?

आठव्या दिवशी, दुसऱ्या रविवारी, पहिली चकती तुटली. 'टप्' असा एवढासा आवाज झाला. भिंगरी फोनकडे कान लावून बसली होती. ती दचकून धावत आली. जमिनीवरचा रबराचा तुकडा तिने उचलला आणि उशीखाली लपवला. आईला सांगितले नाही. सांगितले असते तर आईच्या डोळ्यांत पाणी आले असते, आणि ते तिला पाहायचे नव्हते. तिने आपली केसांची रिबन माझ्याभोवती गुंडाळली. पण रिबन गुळगुळीत, गाठ सैल. ती नुसतीच लोंबत राहिली.

मंगळवारी दुसरी चकती गेली. कागद एका बाजूने सरकू लागला. केसभर, मग आणखी केसभर. मी आणि बहीण जीव एकवटून धरत होतो. पण लाकडाने किती आवळायचे?

बुधवारी, अकराव्या दिवशी, भिंगरी म्हणाली, "आई, माझं पोट दुखतंय. शाळेत नाही जात." आईने कपाळाला हात लावून पाहिले, पाण्याचा तांब्या पलंगाशी ठेवला आणि ती कामावर गेली. दार लागताच भिंगरी उठली. स्टूल ओढले, वर चढली, आणि दोन्ही हातांच्या चिमटीत आम्हाला गच्च पकडले.

ती तशीच उभी राहिली. जी मुलगी जेवतानासुद्धा तीनदा उठायची, ती. अकरा वाजले, बारा वाजले. तिची बोटे पांढरी पडली. एक हात सोडून ती झटकायची आणि पुन्हा पकडायची. तहान लागली, तरी तांब्याकडे पाहून मान फिरवली. तिच्या तळव्यांचा घाम माझ्या अंगात मुरत होता. साडेबाराला तिसरी चकती तुटून तिच्या गालावर बसली. ती हलली नाही. आता नकाशा एका चकतीवर आणि दहा बोटांवर होता.

दोनच्या सुमाराला दार उघडले. पोटदुखीच्या काळजीने आई सुट्टी मागून लवकर आली होती.

"अगं, हे काय? खाली उतर आधी!"

"नाही उतरणार."

"पोट दुखतंय ना तुझं? उतर म्हणते ना!"

"नाही! मी सोडलं तर पडेल!"

"पडला तर पडू दे. कागदच तर आहे!"

"तुला काही कळत नाही!" भिंगरी किंचाळली आणि आईकडे वळली. चार तास उभे राहून तिचे पाय बधिर झाले होते. स्टूल कलंडले. आईने झेप घेऊन तिला कुशीत झेलले. शेवटची चकती तुटली. मी आणि बहीण वेगळ्या झालो, आणि जगाचा नकाशा सळसळत खाली आला. एक कोपरा फाटला.

भिंगरी रडली नाही. त्याचीच मला भीती वाटली. ती नकाशाकडे पाहत म्हणाली, "गेले."

"कोण गेलं?"

"बाबा. मी सोडलं ना."

आई तिच्याजवळ खाली बसली. तिला सगळे समजले. तिने लेकीचे दोन्ही हात हातात घेतले. माझ्या कडांचे लाल वळ त्यांवर उमटले होते.

"हे बघ, बाबा कुठे आहेत ते मला माहीत नाही. खोटं नाही सांगत. मी रोज तीनदा फोन करते. लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीसमोर उभं राहून रडते, म्हणजे कोणाला कळत नाही. पण जहाज तू धरलेलं नव्हतंस, बाळा. तुझ्या हातात कागद होता. नुसता कागद."

तेव्हा भिंगरी रडली. दोघी रडल्या. इतके दिवस दोघी एकाच घरात वेगवेगळ्या रडत होत्या.

स्टूल पडल्याचा आवाज ऐकून वरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी फाटका नकाशा पाहिला, मुलीचे हात पाहिले, आणि परत वर गेल्या. आईला वाटले, झाले, आता घर सोडावे लागणार. पण काकू परत आल्या त्या हातोडी आणि दोन खिळे घेऊन.

"किती वर ठोकू?"

"काकू, अहो, भिंत..."

"भिंत ह्यांनी घातली ती माणसांसाठी. किती वर ठोकू ते सांग. आणि ए भिंगरी, खिळे दोनच हं. तिसरा मागितलास तर मीच तुला टांगेन."

आईने आम्हाला पुन्हा जवळ आणले. या वेळी रबर नाही. जाड नाडीचे चार पक्के वेढे दिले. भिंगरीने हळूच विचारले, "पुन्हा पडला तर?"

"पडला तर पुन्हा लावू," आई म्हणाली.

फोन शनिवारी सकाळी आला. आईने आवाज मोठा करून फोन जमिनीवर ठेवला आणि दोघी त्याच्यासमोर बसल्या. आवाज खरखरीत होता, पण बाबांचाच होता. वादळात इंजिनात पाणी शिरले, वीज गेली, बिनतारी यंत्र बंद पडले. जहाज नुसते वाहत राहिले. शेवटी दुसऱ्या एका जहाजाने त्यांना पाहिले आणि ओढून बंदरात आणले. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटे यंत्रात चिरडली होती. ती परत येणार नव्हती. बाबा येणार होते.

भिंगरीने एकच प्रश्न विचारला. "बाबा, बुधवारी दुपारी दोन वाजता तुम्ही काय करत होता?"

"बुधवारी? थांब हं... बादल्यांनी पाणी उपसत होतो. हां, दोनच्या सुमाराला आचाऱ्याने उकडलेले बटाटे वाटले. मला दोन मिळाले. का गं?"

"इथे नकाशा पडला होता."

"मग उचला की!"

भिंगरी इतकी हसली की तिला उचकी लागली. मग ती अंगणात पळाली आणि गोल गोल फिरत राहिली.

त्यानंतर बाबांनी किनाऱ्यावरच काम धरले. ठिपके थांबले. नकाशाच्या जागी ग्रहांचे चित्र आले, मग एका खेळाडूचे, मग काहीच नाही. भिंगरी मोठी झाली, शिकायला दुसरीकडे गेली. घर बदलताना कोणीतरी नाडी कापली. आता मी आणि बहीण एका कपाटामागे उभ्या आहोत. अंगावर धूळ आहे, कोळ्याने एक जाळे विणले आहे. खालच्या जोडीचे काय झाले, ते मला माहीत नाही. कधी कधी वाईट वाटते. पण पकडायला कागद नसला तर पट्टीने रागावायचे कोणावर?

मित्रांनो, तुमच्या खोलीत काही टांगले असेल, तर अधूनमधून त्याची दोरी, त्याचे रबर हात लावून पाहा. वाळलेली गोष्ट आवाज करत नाही, एकदम तुटते. आणि तुमच्या घरी एखादी धाकटी बहीण, एखादा भाऊ किंवा मोठे माणूससुद्धा तासन्‌तास एका जागी खिळून उभे दिसले, तर 'खाली उतर' असे लगेच म्हणू नका. आधी जवळ जा आणि विचारा, "काय धरून ठेवलं आहेस? थोडा वेळ मी धरू का?"