वरची धार

तेलवाल्या काकूंनी बत्तीस वर्षं खाद्यतेलाचं दुकान चालवलं आणि एकाही गिऱ्हाइकाला कधी कमी माप दिलं नाही. माप काठोकाठ भरायचं आणि वर एक धार सोडायची, ही दुकानाची रीत. पुढे दुकान बंद झालं, काकूंचा हात मात्र बंद झाला नाही. त्यांनी भरलेला पाण्याचा तांब्या नेणाऱ्याची पावलं भिजल्याशिवाय राहायची नाहीत.

सूनबाईची नोकरी लागली ती धरणाजवळच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, गाडीने तासाभराच्या वाटेवर. पहिल्या दिवशी साडेनऊच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. पत्र आल्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "आपल्या घरचं पाणी गढूळ आहे का, म्हणून बाहेर तपासायला निघालीस?" त्यानंतर पंधरा दिवस दोघी एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलल्या. आणि मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणजे मध्ये बोलायलाही कोणी नाही.

हजर व्हायच्या दिवशी सकाळी सव्वासातला सूनबाईने गाडी चालू केली. मागून निळा धूर निघाला आणि शेजारणीने फटकन खिडकी लावली. सूनबाईने लगेच इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबली, तेल बघायची पट्टी ओढून पुसली, परत घालून काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मधे हवं. ते वरच्या खुणेच्या चार बोटं वर होतं.

तिने गॅरेजवाल्याला फोन लावला.

"अजिबात चालवू नका," तो म्हणाला. "जास्तीचं तेल घुसळून फेस होतो, सील फुटतात. आधी काढायला पाहिजे. मी येतो दहाला."

"दहापर्यंत थांबून चालणार नाही."

"मग बारीक नळीने ओढून काढा पट्टीच्या भोकातून. जमेल का?"

सूनबाईने फोन ठेवला आणि ओट्यावर बसलेल्या काकूंकडे पाहिलं.

"आई, यात तेल कोणी ओतलं?"

घरात माणसं दोनच. तरी काकूंनी जरा विचार केल्यासारखं केलं.

"मी," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी, डिकीतल्या इंजिन तेलाच्या डब्यातलं. पट्टी काढून बघितली तर अर्ध्याच्या वर कोरडी ठाक."

"ती कोरडीच असते! वरच्या खुणेच्या पुढे जायचं नसतं."

"मग एवढी लांब कशाला केली? लबाडाघरचं माप."

सूनबाई हसली नाही. गाडीच्या दाराला टेकून तिने विचारलं, "मी जाऊ नये म्हणून केलंत?"

हे मात्र काकूंना लागलं. आयुष्यात त्यांच्यावर खूप आळ आले होते, पण तेलात खोट केल्याचा कोणी घेतला नव्हता.

"तुला अडवायचं असतं तर किल्ली विहिरीत टाकली असती. तेल ओतून कोणी कोणाला अडवतं का? तेलावर माणसं घसरतात, अडत नाहीत."

"मग कशाला ओतलंत?"

"लांब जाणार होतीस," काकू उठत म्हणाल्या. "वाटेत कमी पडायला नको."

जास्तीचं तेल नळीने ओढून काढायचंय, एवढं सूनबाईने सांगितलं. काकू आत गेल्या आणि माळ्यावरून दुकानातला जुना हातपंप घेऊन आल्या. पिंपातलं तेल ओढायचा हा पंप. त्याला सूनबाईने बारीक लांब नळी जोडली. नळी पट्टीच्या भोकातून खाली सरकवली. काकूंनी दांडा दाबला. इंजिनाचं तेल कोमट होतं, मुकाट्याने वर आलं. काकूंनी अर्ध्या लिटरचं आपलं पितळी माप खाली धरलं.

"किती ओतलं होतंत?"

"तीन मापं."

तीन मापं काढली. एक थेंबही सांडला नाही. सूनबाईने पट्टी पुसून घातली, काढली, उजेडात धरली. तेल अजून खुणेच्या वरच होतं.

"आई, आधी तेल कुठवर होतं?"

"वरच्या खुणेला टेकलेलं."

"मग हे कुठलं?"

काकूंनी गाडीकडे पाहिलं, मापाकडे पाहिलं.

"प्रत्येक मापावर धार सोडली होती," त्या म्हणाल्या.

"मग ती पण काढा."

"वरची धार परत घेत नाहीत. बत्तीस वर्षांत मी एकाकडूनही घेतली नाही."

"आई, पावणेआठ झालेत."

काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला, पंपाचा दांडा धरला आणि दिलेली धार परत घेतली. चौथं माप पावही भरलं नाही. एवढ्याशा तेलापुढे त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

पट्टीवरचं तेल वरच्या खुणेच्या केसभर खाली आलं. गाडी चालू केली तर आधी थोडा धूर निघाला, मग बंद झाला. इंजिन नीट घुमू लागलं.

सूनबाई डबा घ्यायला आत गेली. डबा काकूंनी पहाटेच भरून ठेवला होता; झाकण लागत नव्हतं म्हणून वर वरवंटा ठेवलेला. तिने वरवंटा उचलला, दोन चमचे भात पातेल्यात परत काढला आणि झाकण लावलं. दारात उभ्या काकू सगळं बघत होत्या.

"वरच्या खुणेपर्यंतच, आई," ती म्हणाली.

"उपाशी मर," काकू म्हणाल्या. "आणि वळणावर हळू चालव."

गाडी कोपऱ्यावरून वळली. काकूंनी पातेल्यातला तो दोन चमचे भात उभ्याउभ्याच खाल्ला. मग तेलाने माखलेलं माप राख लावून तीनदा घासलं आणि उन्हात पालथं घातलं.