रेल्वेची भरपाई

सखूबाईनं अंगठा पदराला खसाखसा पुसला आणि पुन्हा यंत्राच्या काचेवर टेकवला. मासळी साफ करून करून बोटांवरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. दर वेळी यंत्र दोन-तीनदा नाही म्हणायचं आणि मगच ऐकायचं. डिंभ्याच्या फाट्यावर गोरखचं किराणा दुकान होतं. तिथंच तो गावाला बँकेचे पैसेही काढून द्यायचा.

"घेतलं बघा," गोरख म्हणाला. "किती काढू, मावशी?"

"पाचशे दे. जाळ्याला दोरा आणायचाय."

गोरखनं बटणं दाबली, पाचशेची नोट फळीवर ठेवली आणि यंत्राच्या पडद्याकडे बघत तो थबकला.

"तुमच्या खात्यावर रेल्वेचं पैसं आलेत?"

"कसलं?"

"कालच जमा झालेत. तीन हजारावर आहेत. रेल्वे लिहिलंय, आन् फुडं कंपेनसेशन."

"म्हंजी काय रं?"

गोरखला शब्द येत होता. पण आधी त्यानं वजनकाट्यावरची धूळ हातानं झटकली.

"म्हंजी भरपाई, मावशी."

हा शब्द सखूबाईला चांगला ठाऊक होता. ती परकर नेसत होती तेव्हा माहेरचं शिवार धरणाच्या पाण्यात गेलं आणि तो पहिल्यांदा घरात आला. त्यानंतर शेजारच्या ठकूबाईचा थोरला मुलगा बिबट्यानं मारला, तेव्हा पुन्हा. सरकारी माणसं आली, त्यांनी ठकूबाईच्या हातात आधी थोडे पैसे ठेवले. बाकीचे मागून बँकेत आले. काहीतरी गेल्याशिवाय भरपाई कुणाच्या दारात आलेली सखूबाईनं पाहिली नव्हती. आणि आधी थोडेच येतात, हेही तिनं पाहिलं होतं.

तिची वैजयंती पुण्यापलीकडे एका कंपनीत कामाला होती. अक्षदा नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि रोज लोकलनं ये-जा करायची. फोन रविवारी यायचा. रविवार होऊन तीन दिवस झाले होते.

"गोरख, वैजूला लाव."

त्यानं लावला, कानाला धरला, पुन्हा लावला. "बंद लागतोय. चार्जिंग नसंल."

तो तिच्याकडे न बघता बोलला. सखूबाईनं नोट बोटाच्या टोकानं त्याच्याकडे सरकवली.

"ही परत आत घाल."

"मावशी, हे तुमचं आधीचंच पैसं हायेत."

"घाल म्हंते ना."

तिचा नवरा भागू धरणाच्या पाण्यात होता. सखूबाई काठाशी उतरली तेव्हा त्याची होडी दूर खडकाजवळ दिसत होती. तिनं हाक मारली, पण ती तिथवर पोचेना. मग तिनं डोक्यावरचा पदर काढून हलवला. भागूनं जाळं अर्धं तसंच सोडलं आणि वल्ही मारत तो काठाला आला.

"काय झालं?"

"वैजूचा फोन लागंना." ती काठावरच बसली. "खात्यावर रेल्वेचं पैसं आलंत. भरपाई म्हंतोय गोरख."

भागू होडीतून उतरायचा होता, तो एक पाय पाण्यात टाकून तसाच उभा राहिला. होडी हळूहळू त्याच्यापासून लांब जायला लागली. ती धरायचं त्याला सुचलं नाही. सखूबाईनंच उठून दोर पकडला.

दोघं फाट्यावर आले. भागूच्या पायात चपला नव्हत्या. गोरखनं पुन्हा फोन लावला, पुन्हा बंद. दुपारची मंचरची एसटी यायची होती. कधी यायची, कधी यायची नाही. तरी दोघं पत्र्याच्या शेडखाली जाऊन उभे राहिले. मंचरला पोचलं की पुण्याची गाडी मिळेल. पुण्यात उतरून कुणाला काय विचारायचं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"आधी माणूस येतं," भागू मधेच म्हणाला. "पोलीस येत्यात. मंग पैसं. ठकूबाईकडं आलं व्हतं का न्हाई माणूस?"

"आलं व्हतं."

"मंग? आपल्याकडं कोण आलंय?"

"आपलं घर कुणाला घावलं नसंल."

भागूनं विडी काढली आणि काडी पेटवली, ती विझली. दुसरी पेटवली, तीही विझली. वारा तर पडलेला होता. सखूबाईनं त्याच्या हातातून पेटी घेतली आणि कनवटीला खोचली.

खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला की भागू रस्त्यावर जाई. एकदा दुधाचा टेम्पो आला. एकदा वीटभट्टीचा ट्रॅक्टर. सखूबाईच्या डोळ्यांपुढे एक मोठं स्टेशन सारखं येत होतं. एका भिंतीशी कुणालातरी चादर पांघरून निजवलं होतं आणि येणारीजाणारी माणसं वळसा घालून पुढे जात होती. तिनं डोळे मिटले तरी ते जाईना. उघडले तरी जाईना.

"मावशी! मावशी, वैजूचा हाय!"

गोरख फोन पुढे धरून पळत येत होता. सखूबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला.

"गोरखदादा, कामावर फोन बंद असतो. आता चालू केला तर तुमच्या मिसकॉलचे मेसेज. आईला काही झालं का?" पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"वैजू," सखूबाई एवढंच म्हणाली. भागूनं फोनला कान लावला आणि लेकीचा आवाज ऐकला. मग डोळे पुसत, हसत तो गोरखच्या खांद्यावर हात टाकून चहा सांगायला दुकानाकडे गेला.

"आई, बोल ना."

"रेल्वेचं पैसं आलंत," सखूबाई कशीबशी म्हणाली.

"आले? अगं, मी येत्या रविवारी सांगणारच होते. आमची संध्याकाळची लोकल कधीची बंद ठेवलीय, रुळाचं काम काढलंय म्हणून. पासवाल्यांनी मिळून ग्राहक मंचात तक्रार केली होती. ज्यांचे हाल झाले त्यांना भरपाई द्या, असा निकाल लागला. मी तुझं खातं दिलं. चष्मा करायचाय ना तुला?"

"एवढंच व्हय?"

"एवढंच. तुला काय वाटलं?"

सखूबाईनं शेडच्या खांबाला पाठ टेकली. धरणाच्या पाण्यावर ऊन चमकत होतं आणि ते तिला आत्ता दिसलं. मग तिच्या मनात आलं ते तिनं सहज विचारलं.

"लोकल बंद हाय, तर खोलीवर कशी जातीस?"

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"वैजू."

"चालत."

"कुठनं?"

"रुळाच्या कडेनं. रस्त्यानं लई लांब पडतं, आई. आन् रिक्षा रोज परवडत नाय."

"सुटस्तवर अंधार पडत आसंल."

"मोबाईलचा उजेड असतो. आमी दोघी असतो." ती थांबली. "असायचो. अक्षदाच्या घरच्यांना कळलं. तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला."

"मंग आता?"

"आता मी भराभरा चालते."

सखूबाईच्या हातातला फोन कानाला रुतला. भागू चहाचे दोन पेले घेऊन रस्ता ओलांडत होता.

"आई, बाबांना सांगू नको. मलापन बोलावून घेतील. पुढच्या महिन्यात चालू होणारे लोकल."

भागू जवळ आला. "काय म्हंती?"

सखूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पायांवर चिखल वाळला होता.

"काय न्हाय. गाडी येळंवर नसती म्हनून पैसं दिलंत."

"गाडी येळंवर न्हाय म्हनून पैसं?" भागू मोठ्यानं हसला. "गोरख, ऐकलंस का रं?"

सखूबाईनं पाठ वळवली आणि फोनमध्ये हळूच म्हणाली, "आज खोलीवर पोचलीस की ह्याच नंबरावर फोन कर."

"तिथं कोण असणार तेव्हा?"

"मी आसंन."

मंचरची गाडी आली. भागूनं हात हलवून ड्रायव्हरला पुढे जायला सांगितलं. चहा संपवून तो म्हणाला, "चल, जाळं तसंच राह्यलंय पाण्यात."

"तुमी व्हा फुडं. ठकूबाई बाजारातनं यायची हाय, तिच्यासंगं येते."

भागू उतारानं निघून गेला. ठकूबाई आज बाजाराला गेली नव्हती. सकाळीच ती दुकानातून मीठ घेऊन गेली होती. गोरखनं ऐकलं. त्यानं फोन चार्जिंगला लावला.

"गोरख, दुकान कवा बंद करतोस?"

"दिवेलागणीनंतर घटकाभरानं."

"आज वाईच थांबशील?"

गोरखनं आतलं स्टूल उचललं आणि फोनजवळ आणून ठेवलं.