आजोबांना हरवा

कुलुपांच्या दुकानामागच्या खोलीत तिघं बसले होते. मुलगा, सून आणि सुनेचा भाऊ. पुढच्या महिन्यात मोबाइलवर काय काय टाकायचं, ते भिंतीवरच्या फळ्यावर ठरत होतं. बाहेर काउंटरवर मुलाचा बाप एक कुलूप कानाशी धरून बसला होता. चाळीस वर्षं त्याची हीच रीत. भोकात वाकडी तार घालायची, डोळे मिटायचे आणि आतली खिळी कुठे बसते ते ऐकायचं.

"'आजोबांना हरवा' बरं चाललंय," सुनेचा भाऊ म्हणाला. "लोक कुलूप आणतात, आजोबा उघडतात. पण दाजी, उघडलं की दोन-तीनशे लोक बघतात. एकदाच ते गंजलेलं उघडलं नाही, त्यांचं तोंड एवढंसं झालं, तर चाळीस हजार!"

"म्हणजे बाबांनी हरायला हवं," सून म्हणाली.

"फक्त गुरुवारी. रविवारी जिंकू दे. सारखं हरलेलं माणूस कोण बघतं?"

"मान कापली तरी बाबा मुद्दाम हरायचे नाहीत," मुलगा म्हणाला.

"त्यांना विचारतंय कोण? भोकात दोन थेंब गोंद सोडायचा."

मुलाने खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "कुठला गोंद?"

सुनेने फळ्यावर लिहिलं: गुरुवार, हार.

पहिल्या गुरुवारी म्हातारा वीस मिनिटं झटला. दुसऱ्या गुरुवारी तार वाकली. तिसऱ्या गुरुवारी त्याने बाहीने डोळे पुसले आणि ते लाखभर लोकांनी पाहिलं. दुकानापुढे रांग लागली, नवी कुलुपं पटापट खपली.

घरी तो बायकोला सारखा विचारायला लागला, "काय म्हणालीस?"

"अहो, मी बोललेच नाही."

रविवारी जिंकलेलंही त्याला खरं वाटेना. एका सकाळी त्याने सगळ्या तारा फडक्यात गुंडाळून मुलापुढे ठेवल्या. "ठेव तुझ्याकडे. माझा कान गेला."

मुलाने मोबाइलमधून मान वर केली नाही. "गुरुवारपर्यंत राहू दे, बाबा."

पण आपण चुकलो कुठे, हे बघितल्याशिवाय म्हाताऱ्याला चैन पडेना. दुपारी त्याने तिसऱ्या गुरुवारचं कुलूप पकडीत धरलं आणि करवतीने उभं चिरलं. आत पिवळा, टणक गोळा. तो महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

"अरे, कुणीतरी आपली खोडी काढतंय!" असं ओरडत तो मागच्या खोलीत गेला. खोलीत कुणी नव्हतं. समोर फळा होता. म्हातारा नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर बसून वाचायला शिकला होता. त्याने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. गुरुवार. हार. फळ्याखाली गोंदाची बाटली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. तो बाहेर आला.

गुरुवारी मोबाइलवर थेट दाखवणं सुरू होताच त्याने चिरलेलं कुलूप पुढे धरलं. "हे बघा. आत गोंद आहे. माझ्या घरच्यांनीच घातलाय." मग पेटीतलं एक कोरं कुलूप उचललं आणि अर्ध्या मिनिटात उघडलं. "आता बोला!"

लोक बोलले. सुनेचा भाऊ एकेक वाचून दाखवू लागला. "'नाचता येईना, अंगण वाकडं!' 'आजोबांनी गोंद स्वतःच घातला असणार.' 'सोपं कुलूप घेऊन फुशारकी!'"

"सोपं?" म्हातारा उसळला. "मग कठीण द्या!"

मुलाने फळीवरचं सगळ्यात जड कुलूप दिलं. म्हाताऱ्याने तार घातली, डोळे मिटले, कुलूप कानाशी नेलं. मोबाइल टुणटुण वाजत होता. लोक हसत होते, प्रत्येक हसण्याला एक टुण.

"तेवढा आवाज बंद करा रे. मला ऐकू येत नाही."

"'मला ऐकू येत नाही'! हेच, हेच!" सुनेचा भाऊ कुजबुजला. "दाजी, जवळून घ्या."

मुलाने मोबाइल बापाच्या कानापाशी नेला. टुणटुण वाढली. म्हाताऱ्याच्या कपाळावरचा घाम कुलुपावर टपकला. दहा मिनिटांनी त्याने तार खाली ठेवली.

आत सुनेने फळ्यावरची 'हार' पुसून 'सबब' लिहिलं.

या कुलुपात गोंद नव्हता.