पेमाची घागर

रविवारी सकाळी सव्वाअकराला, पाळकांचं प्रवचन चालू असताना, पेमा सतरंजीवरून उठून उभी राहिली आणि तिनं एक प्रश्न विचारला. पुसेगावजवळच्या तांड्यावरच्या त्या पत्र्याच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात प्रवचन मध्येच तोडून कुणी बाई बोलल्याचं त्याआधी कुणाला आठवत नव्हतं.

साल २००१. फेब्रुवारीतला तो बायकांचा रविवार होता. दर वर्षी या दिवशी महिला मंडळ एका बाईला स्टीलची घागर देई. घागरीवर भांड्यांच्या दुकानातून बाईचं आणि नवऱ्याचं नाव घालून आणलेलं असे, आणि त्याखाली दोन शब्द: सद्गुणी स्त्री. शब्द शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, पण तांड्यावर त्यांचा अर्थ कधीचाच ठरला होता. सोसते ती. त्या वर्षी पेमाचं नाव निघालं तेव्हा कुणीही दुसरं नाव सुचवलं नाही.

पेमाचा डावा हात कोपरात वाकडा जुळला होता. त्याच हातानं ती हळद शिजवायच्या दिवसांत वाफाळत्या पाट्या उचलायची. विहिरीवर पाय घसरला, असं ती सांगे. तिचा नवरा बाबूसिंग प्रार्थनाघराच्या मंडळीचा पंच होता. रविवारी शास्त्र तोच वाचायचा. त्याचा आवाज गोड होता.

महिला मंडळाच्या यशोदाबाईंनी घागर पेमाच्या हातात दिली आणि त्या लोकांकडे वळल्या. "आमची पेमा म्हंजे मुकी गाय. घरात काय बी होऊ द्या, शेजाऱ्याला आवाज न्हाई."

बायका हसल्या. बाबूसिंगही हसला.

मग पाळक अंगदराव बोलायला उभे राहिले. ते नुकतेच शिकून आले होते आणि शिकलेलं सांगायची त्यांना हौस होती. "आपण सद्गुणी वाचतो, तिथं मूळ हिब्रूत हयिल असा शब्द आहे. हयिल म्हणजे बळ. लढणाऱ्या गड्यासाठी हाच शब्द आहे, फौजेसाठीही हाच. शूर माणसाबद्दल जे म्हटलंय, तेच या बाईबद्दल म्हटलंय."

पेमा उठली ती इथं. घागर कमरेवर होती.

"पाळकसायेब, त्यात सोसणं कुठं हाय?"

"कशात?"

"त्या शबदात."

"सोसणं नाही त्यात."

"बराबर बघून सांगा."

अंगदरावांनी पुस्तकाकडे पाहिलं. "नाही, पेमाताई. बळ."

"बस ना गं खाली," मागून कुणीतरी म्हणालं. यशोदाबाईंनी तिचा पदर ओढला.

"मंग तुमी समदे मला काहून सोसायला सांगून राहिले?" पेमाचा आवाज चढला नव्हता. ती यशोदाबाईंकडे वळली. "मावशी, हात मोडला त्या दिशी तूच लेप बांधला. इहीर कोरडी ठाक होती तवा. तू बी टँकरवर रांगेत होती. मंग मी इहिरीवर कशाला जाईन?"

यशोदाबाईंच्या हातातून पदर सुटला.

बाबूसिंग उभा राहिला. "घरी चल. घरी बोलू."

"घरीच तर बोलता तुमी," पेमा म्हणाली.

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. पेमानं पोरींच्या रांगेत बसलेल्या राजनंदिनीचा, आपल्या लेकीचा, हात धरला आणि ती बाहेर पडली. कुणी उठलं नाही. अंगदरावांनी पुस्तक मिटलं. तेवढ्यात बाबूसिंगनं शेवटचं गीत सुरू केलं, नेहमीच्या सुरात. आणि सगळ्या मंडळीनं त्याच्यामागे ते शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं.

दुपारी कळलं की पेमा घरी गेलीच नव्हती. पुसेगावच्या थांब्यावर ती लेकीला घेऊन हिंगोलीच्या जीपमध्ये बसताना एकाला दिसली होती.

आठवडाभरानं बाबूसिंग अंगदरावांच्या दारात आला. "एका शबदानं माझं घर मोडलं तुमी. येत्या रविवारी सांगा, शिकताना गल्लत झाली म्हणून. लोक इसरतील. ती बी येईल."

"गल्लत झालेली नाही."

"तुमाला काय तकलीफ हाय सांगायला? तिचा हात मोडला न्हवता का आधी? तवा तर कोण काय बोललं न्हाई."

तो हे अगदी सरळपणे बोलला.

यशोदाबाई संध्याकाळी आल्या. त्या उंबऱ्याबाहेरच बसल्या. "सायेब, खरं सांगा. त्यात सोसणं न्हाई?"

"नाही."

"मंग आमी इतकी वर्सं काय केलं?"

अंगदराव बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली. पुढच्या फेब्रुवारीत महिला मंडळानं घागर दिली नाही.

२००२ च्या दिवाळीनंतर नांदेडला जाताना अंगदराव वारंगा फाट्यावर उतरले. रतनसिंगच्या ढाब्यावर पाणी प्यायला वाकले तेव्हा घागरीवर अक्षरं दिसली. बाबूसिंग हे नाव दगडानं घासून काढलं होतं. सद्गुणी हा शब्दही. उरलं होतं ते पेमा, आणि खालच्या ओळीत, स्त्री. पेमाला वाचता येत नव्हतं. राजनंदिनीला येत होतं.

"ही घागर कुणाची?"

"बाई होती एक इथं," रतनसिंग म्हणाला. "पाणी भरायची. गड्याला उचलत न्हाई तो पिंप एकली हलवायची. लेकरू बी होतं संगं, शाळेत जायचं."

"मग?"

"उन्हाळ्यात एक जण पुसत आला. लई गोड बोलून राहिला. म्या म्हनलं, हाय, पण आत्ता बाजारात गेली. म्हनला, उद्या येतो. रातच्याला म्या तिला सांगितलं. सकाळी बघतो तर दोघी न्हाईत."

"त्याच्याबरोबर गेल्या?"

"काय सांगू? तो बी परत आला न्हाई. घागर मातर भरून, वर ताट झाकून ठेवली होती."

बाबूसिंग आजही तांड्यावर आहे आणि रविवारी शास्त्र वाचतो. वारंगा फाट्याला आपण कधी गेलोच नाही, असं तो सांगतो. पेमा आणि राजनंदिनी कुठे आहेत, हे कुणालाही ठाऊक नाही. घागर ढाब्यावरच आहे. गिऱ्हाइकं तिच्यातलं पाणी पितात.