मान टाकलेली फुलं

त्या दिवशी सकाळपासूनच चैतराम पेंटरची छाती फुगलेली. बालाघाटात दुकानांच्या पाट्या रंगवणारे पुष्कळ, पण नव्या बुद्धविहारासाठी चित्र काढायला वार्डानं सांगितलं ते त्यालाच! दुपारी विहारात पंचांसमोर त्यानं चित्रावरची चादर ओढली, अन् सगळ्यांची तोंडं कारलं खाल्ल्यागत झाली.

सांगितली होती ताजी कमळं. गड्यानं काढलं काय? थाळीत मान टाकलेली फुलं, विझलेली मेणबत्ती, अर्धवट खाल्लेलं सीताफळ, अन् त्यावर माशी!

"काहून बापू, डोस्कं फिरलं का तुयं?" तुळसाकाकी कडाडली. वार्डात बुद्धवंदना तीच सांगायची. तिच्या शब्दाबाहेर पंच जात नसत. "बुद्धासमोर सुकलेले फुलं? लोक हासतीन!"

"कालेजच्या ड्राइंग मास्तरपाशी पुस्तक पाह्यलं मी," चैतराम म्हणाला. "हालंड देशातले पेंटर तीनशे वर्सं पहिले असेच चित्रं काढत. फूल सुकते, मेणबत्ती इझते, तसा मानूसबी जाते, हे ध्यानात राहावं म्हनून."

"मंग हालंडातच नेऊन टांग!"

पंच खेमराज हळूच म्हणाला, "वरून ताजे कमळं रंगव ना भाऊ. भानगड मिटते."

चैतरामचं डोकं सणकलं. वरून रंग फासण्यापेक्षा हात तोडलेला बरा! सातासमुद्रापारचे पेंटर जे सांगतात, ते आपल्या वार्डातली शेंबडी पोरंसुद्धा रोज संध्याकाळी म्हणतात, आणि ते पंचांनाच दिसू नये? त्यानं चादर उचलली.

"नेतो घरी. पन काकी, एक डाव फुलाची गाथा म्हना. भंतेजीनं शिकवली तसी, अर्थासकट."

गाथेसाठी काकीला आग्रह लागत नसे. डोळे मिटून तिनं खणखणीत पाली म्हटली, मग अर्थ धरला. "हे फूल जसं सुकून जाते, तसाच माहा देहबी..."

ती थांबली. डोळे उघडून चित्रापाशी गेली. दीक्षा घेतल्यापासून रोज म्हणत आलेली गाथा, पण फूल सुकलेलं तिनं कधी निरखून पाहिलंच नव्हतं.

"खेमराज, खिळा आन."

"पन काकी, लोक हासतीन ना?"

"हासू दे! हालंडवाल्यायचं आमाले काय नवल? आमी त रोज तोंडानं म्हनतो. आन् काढलं कोनं? आमच्या चैतरामनं!" तिनं भिंतीवर जागा दाखवली. "उंच नोको, लेकरायच्या डोयासमोर ठोक. माहे किती दिवस राह्यले आता? माह्या मागं त्यायले अर्थ हे चित्रच सांगन."

चैतरामनं खिळा स्वतःच ठोकला.