पूर्वजांच्या मडक्याचे अश्रू

पूर्वज मडक्यातून रडणार म्हटल्यावर एरवी एकमेकींशी फटकून वागणाऱ्या वरच्या आणि खालच्या आळ्या चौकात एकत्र लोटल्या.

बंद तोंडाचं ते मडकं महाराजांनी मानेला धरून उंचावलं होतं. "भूमी फोडून पूर्वज आलेत! आपलं कोण, परकं कोण, तेच सांगतील!"

वरच्या आळीतल्या दुकानदाराने हात लावला. मडकं कोरडं ठाक. खालच्या आळीतल्या मावशीने लावला आणि बुडातून धारा लागल्या.

"रडले! विटाळ झाल्याचं दुःख! दोन आळ्यांत भिंत घाला!" महाराज गरजले. वरच्या आळीने लगेच गवंडी बोलावून चौकाच्या मधोमध विटा उतरवल्या.

मावशी गावात चाललेल्या पुरातत्त्व खात्याच्या खोदकामावर माती चाळायची. तिची लेक वरच्या आळीत दिलेली, दिवस भरत आलेले. "बाई," ती खोदकामाच्या प्रमुख बाईंना म्हणाली, "भिंत झाली तर लेकीकडे जाऊ कशी?"

बाईंनी मडकं केव्हाच ओळखलं होतं. परवा त्यांच्याच शेडमधून ते चोरीला गेलं होतं.

"महाराज, अंगठा उचला बघू."

"पूर्वजांचा अपमान!"

"पूर्वजांना अंगठ्याचं काय?" बाईंनी मडकं हिसकावून मानेवर स्वतःचा अंगठा दाबला. "हे रोपांना पाणी शिंपायचं भांडं. बुडाला बारीक भोकं, मानेला एक. पाण्यात बुडवून भरायचं. मानेचं भोक दाबलं की हवा आत जात नाही, पाणी अडतं. सोडलं की गळतं. शेठ, आता लावा हात."

दुकानदाराने बोट टेकवलं. बाईंनी अंगठा उचलला. धारा!

"या शेठ, या आमच्यात!" खालच्या आळीतून कोणीतरी ओरडलं. चौक खो खो हसला. तेवढ्यात महाराज पसार झाले.

"अशी भांडी दोन्ही आळ्यांखाली मिळालीत, एकाच कुंभाराच्या हातची," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही भिंत घालताय तिथेच खाली भाकऱ्या भाजायची सामाईक भट्टी आहे. तिच्याकडे दोन्ही बाजूंनी वाटा येतात."

दुकानदाराने बोट पुसलं. "महाराज भामटा, मडकं चोरीचं. सगळं कबूल. पण आता ठरलंच आहे, तर भिंत होऊन जाऊ दे."

वरच्या आळीने माना डोलावल्या. गवंड्याने दोरी ताणली.

"हजार वर्षं खोल खणलं," बाई म्हणाल्या, "तिथे भिंत लागली नाही. ही तुमची आहे. पूर्वजांच्या नावावर खपवू नका. डोळ्यांनी पाहिलंत ना? मग डोक्याने विचार करा. निदान या मावशीपुरतं दार तरी ठेवा."

गवंडी थांबला. त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणीच काही बोललं नाही, तेव्हा त्याने पहिली वीट लावली.