पाणथळीचा वाटा

चराईच्या वाटपाचे फासे पडले आणि सरोवराच्या तोंडची पाणथळ कुन्झेसच्या वाट्याला आली. "नशीब काढलंस गं!" बायका म्हणाल्या. खरंच काढलं होतं. हिवाळ्याच्या बर्फाने तिच्या निम्म्या शेळ्या नेल्या होत्या. उरलेल्यांच्या सडांत दूध नव्हतं आणि अकरा करडं भुकेने ओरडत होती. आता ते ओलं गवत मिळालं की करडं जगणार होती.

सकाळी कळप घेऊन गेली, तर चिखलातल्या उंचवट्यावर काळ्या मानेची क्रौंच मादी अंड्यांवर बसलेली! शेळ्या शिरल्या की ती उठणार, आणि त्या बोचऱ्या वाऱ्यात उघडी अंडी कुठली टिकायला? "तुला हीच जागा सापडली का गं, भवाने!" कुन्झेस ओरडली, रडली, आणि शेळ्या वळवून खडकाळ उतारावर घेऊन गेली. फाशांनी दिलेला वाटा परत करणं म्हणजे देवाचा अपमान, म्हणून ती कुणालाच काही बोलली नाही.

पण मेमे नोर्फेलच्या नजरेतून काही सुटतं होय? सगळ्या तंबूंचा हा आजोबा, जिभेला हाड म्हणून नाही. संध्याकाळी दारात हजर.

"काय गं, शेळ्यांना दगड चारतेस? वाळूची धार काढणार वाटतं!"

"आज नको हो, मेमे-ले."

"करडं आण तुझी. सगळी."

धारेला शेळ्या समोरासमोर उभ्या करून त्यांच्या माना एका दोरीत गुंफतात. तशा अडकलेल्या शेळीला मागे वळून परकं करडू हुंगून झिडकारताच येत नाही. मेमेने आपल्या शेळ्यांखाली तिची अकराही करडं सोडली.

"अहो, आणि तुमच्या चहातलं लोणी?"

"सहा वर्षांमागे ती पाणथळ मला लागली होती. मी चारली. अंडी गार पडली. तेव्हापासून क्रौंच इथे उतरले नव्हते." म्हातारा खाली बघत म्हणाला, "यंदा आले, तर तू राखलंस. उपकार झाले पोरी. आता पिऊ दे त्यांना."

महिनाभर म्हातारा बिनलोण्याचा चहा प्यायला आणि महिनाभर त्याने त्या चहाला शिव्या घातल्या. पाणथळीकडे मात्र एकदाही फिरकला नाही; पक्षीण उठेल, ही धास्ती.

उतारावर गवत आलं, कुन्झेसच्या शेळ्या दुधावर आल्या. लोण्याचा पहिला गोळा तिने सगळाच्या सगळा मेमेच्या चहात घुसळला. वाडगा भरून तिने त्याच्यापुढे ठेवला.

"पिल्लं किती?" त्याने विचारलं.

"दोन, मेमे-ले. आईमागून चालतात."

म्हाताऱ्याने वाडगा तोंडाला लावला, तो बराच वेळ खाली घेतलाच नाही.